धुतलेला स्वेटर

माझ्या काकाला माणूस दिसायच्या आधी डाग दिसतो. चाळीस वर्षं लाँड्री चालवल्यावर दुसरं काय होणार! माझ्या लग्नात नवरदेवाशी हात मिळवताना म्हणाला, "बाहीवर चहा सांडलाय. चोळू नका, मी बघतो." नवरा अजून ते विसरलेला नाही. गल्लीत सगळे त्याला डागकाका म्हणतात आणि त्याला तो मान वाटतो.

खाली दुकान, वर दोन खोल्या. आई गेल्यावर मी तिथेच, काका-काकूंकडे वाढले. शाळेतून आले की इस्त्रीच्या टेबलाशी बसून कोटांवरचे केस आणि दोरे वेचायचं काम माझं. मागच्या वर्षी काकू गेली. माणसं पांगताच, दुसऱ्याच दिवशी, या गृहस्थाने तिचं अख्खं कपाट रिकामं केलं आणि सगळं धुऊन काढलं. कपडे, शाल, उशीचा अभ्रासुद्धा. कडक इस्त्री करून परत लावलं. "तिला मळकं खपायचं नाही," म्हणाला. मला वाटलं, करू दे, हात कामात राहतील.

त्यानंतर तो बोलेनासाच झाला. ओट्याशी उभ्याने चार घास खायचा, दुकान भरदुपारी बंद करून वर जाऊन बसायचा. मांजर आणायचं खूळ माझंच. घरात श्वास घेणारं दुसरं कुणीतरी असावं, नाहीतर हा माणूस आपल्या हातचा जाईल, अशी मला धास्ती होती.

भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात एक करडी मांजरी मिळाली, सहा वर्षांची. तिला पाळणारी एकटी म्हातारी वारली होती. टोपलीत त्या म्हातारीचा कोपरावर फाटलेला स्वेटर होता. निवाऱ्यातल्या बाईंनी बजावलं, "हा जसा आहे तसाच राहू द्या. त्याच्याशिवाय ती झोपत नाही." काकाने मान डोलावली. त्याची नजर स्वेटरवरच्या डागावर होती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिल्या संध्याकाळी काकाने आपणहून फोन केला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "अगं, बाईसाहेब जेवल्या! स्वेटरवर बसून. चमचाभरच उरवलंय बघ." मी फोन ठेवून ढसाढसा रडले.

तिसऱ्या दिवशी गेले तर काका जमिनीवर पालथा पडून पलंगाखाली टॉर्च मारत होता. मांजरी भिंतीला चिकटून बसलेली, वाटी भरलेली.

"कालपासून तोंड लावलं नाही गं तिने."

टोपलीत स्वेटर होता. छान घडी घातलेला, कोपर रफू केलेला, साबणाचा वास येणारा.

"काका, तू धुतलास हा?"

"कोमट पाण्यात. हाताने. दुधाचे डाग होते गं. म्हटलं, तिला जरा चांगलं..."

माझं डोकंच फिरलं. "अरे, तिच्या म्हातारीचा वास होता त्यात! तेवढाच उरला होता तिच्याकडे. एवढं साधं कळलं नाही तुला?"

तो उठून बसला. टॉर्च बंद केला. "कळतं की," म्हणाला. "काकूची शाल रोज हुंगतो मी. नुसता साबण येतो."

"मग तरी?"

"डाग दिसला की हात जातोच गं. डोकं मागाहून येतं."

मला स्वतःची लाज वाटली. वर्षभर येत-जात होते मी त्या घरात. शालीचं एकदाही मनात आलं नव्हतं.

मग त्याने स्वतःचा सदरा तीन दिवस न बदलता घातला आणि पलंगाखाली सारला. काकाने, तीन दिवस! मांजरीने तिकडे पाहिलंही नाही. डॉक्टर येऊन गेले. अशीच उपाशी राहिली तर यकृत जाईल, म्हणाले. सातव्या दिवशी निवाऱ्याच्या बाई तिला न्यायला आल्या. काकाने आत सरपटत जाऊन तिला बाहेर काढलं आणि टोपली उघडेपर्यंत छातीशी, अंगातल्या निळ्या स्वेटरवर धरून ठेवलं. ओरखडायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं.

आठवड्याने बाईंचा फोन आला. मांजरी आता खात होती, शेजारच्या पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या बोक्याच्या सोबतीने. "पुन्हा जागा बदलली तर नाही टिकायची. इथेच राहू द्या." काका "बरं, बरं" म्हणाला. दुसरी आणू या का, असं मी विचारलं. "नको," म्हणाला. "तिचंही काहीतरी धुवेन मी."

परवा दुकानात गेले. तो इस्त्री करत होता. अंगात तोच निळा स्वेटर, मांजरीला उचललं तेव्हाचा. मळलेला, बाहीवर चहाचा डाग. डागकाकाच्या अंगावर डाग! डॉक्टरकडे जाऊ या, झोप लागते का, असं काहीबाही मी बोलत होते. त्याच्या खांद्यावर एक करडा केस दिसला. बोलता बोलता माझा हात गेला, चिमटीत धरला, झटकला.

काकाची इस्त्री थांबली.

"तेवढाच उरला होता गं," तो म्हणाला.

मी खाली बसून फरशीवर शोधत राहिले. फरशी नेहमीसारखी लख्ख पुसलेली होती आणि पंखा चालू होता.