बाबांनी फोडलेला पेपर

मी मेंदूच्या विसरण्याच्या आजारांवर काम करते असं सांगितलं, की आमच्या मनीषनगरात जो तो आपल्या सासूची तक्रार घेऊन बसतो. काम तसं सासूपासून लांबचं आहे. माणसाची जनुकं तीच राहतात, पण म्हातारपणी त्यांचं चालू-बंद होणं बिघडतं, ते कसं हे रक्तातून शोधायचं. पीएचडी झाली, वरून पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचं, तिसरं वर्ष चालू आहे, आणि आईला अजून वाटतं की पोरगी कुठंतरी नापास होऊन राहिली.

समजलं फक्त बाबांना. वीज खात्यात उभा जन्म गेला त्यांचा. "वायरिंग ठीक हाये," ते मित्रांना सांगत, "पण बटनावर कोणीतरी चिकटपट्टी मारून ठेवली. पोरगी थे पट्टी शोधून राहिली." मला मुलाखतीत एवढं सोपं सांगता आलं असतं तर!

या कामाला तुलनेसाठी धडधाकट म्हातारेही लागतात. बाबांचा सकाळी फिरणारा सहा जणांचा गट हाताशी होता. आधी स्मरणशक्तीची चाचणी: पाच शब्द वाचून दाखवायचे, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं, मग ते परत म्हणून घ्यायचे. पास झाला तरच रक्त घ्यायचं.

खरं सांगते, बाकीच्या पाच जणांशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला बाबा पास व्हायला हवे होते. हिवाळ्यापासून ते पाण्याची मोटर बंद करायला विसरत होते. "तुझं पोस्टडॉक संपलं का वं?" हे दिवसातून तीनदा विचारत. आता हे मला सगळं नागपूरच विचारतं, म्हणून लक्षण धरता येईना. पण रोज याच आजाराचे नमुने हाताळणारी मी, घरात बघायला घाबरत होते.

रविवारी आमच्या वसाहतीच्या समाजभवनात टेबल मांडलं. पहिले काका निवृत्त हेडमास्तर. पाचपैकी पाच. दुसरे काका, पाच. मी खूश. तिसरे काका खुर्चीत टेकले आणि एका दमात म्हणाले, "संत्रा, चप्पल, विहीर, चष्मा, बैल."

मी त्यांना अजून एकही शब्द वाचून दाखवला नव्हता.

"काका, तुम्हाला हे कसं माहीत?"

"अभ्यास केला न बाप्पा! आठ दिवसांपासून तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पाठ करून राहिलो. तुझ्या बाबानं आणून देल्ले."

मागून चौथे काका म्हणाले, "माया विहीर अन् चष्म्यात घोळ होते. मले शेवटी घेजो."

माझं डोकंच फिरलं. कागद मी जेवणाच्या टेबलावर विसरले होते, आणि बाबांनी तो उतरवून घेतला होता. नीतिसमितीची परवानगी, चार महिन्यांची धावपळ, आणि पेपर फुटला कुठं, तर पोह्याच्या ठेल्यावर! हेडमास्तरांवर मी ओरडलेच, "जन्मभर कॉप्या पकडल्या ना तुम्ही?"

"म्हणून तर मले माहीत हाये कशी करायची," ते शांतपणे म्हणाले.

"चिडतं काहून?" बाबा म्हणाले. "सगळे पास झाले तर तुझं लवकर संपन, म्हणून मदत केली."

सगळ्यांना पोह्यांकडे पिटाळलं आणि बाबांना बसवलं. नवे शब्द तिथल्या तिथं काढले: खिडकी, मिरची, कंगवा, रेल्वे, ढग. दहा मिनिटं आम्ही कूलरची खस बदलायची की नाही यावर भांडलो. भांडणात बाबा एक नंबर होते. मग मी शब्द विचारले.

"मिरची," ते म्हणाले. दुसरं बोट धरलं, सोडलं. "खिडकी." मग माझ्या चेहऱ्याकडे बघत, हळूच, "संत्रा?"

मी कागद उलटा ठेवला.

"किती मार्क पडले?" बाबांनी विचारलं.

"नातेवाइकाला बसताच येत नाही, बाबा. नियम आहे."

नियम खराच होता. अर्जात मीच लिहिला होता आणि सोयीस्करपणे विसरले होते. बाबांनी ठेल्यावर जाऊन जाहीर केलं, "मले वशिल्याच्या भीतीनं काढलं. नाही तर पैला आलो असतो."

बुधवारी त्यांना गाडीवर मागे बसवून मेंदूच्या डॉक्टरांकडे निघाले. तिथंही पाच शब्दांचीच चाचणी असते. डॉक्टर आमच्याच प्रकल्पात, त्यामुळे त्यांचे शब्द मला पाठ होते. सिग्नलला थांबलो आणि माझं सगळं विज्ञान गळून पडलं. मी मान वळवून म्हणाले, "बाबा, तिथं पहिला शब्द दोरी असतो, मग…"

"गप वं," मागून आवाज आला. "कॉपी करणारा माणूस वाटलो का मी तुले?"

मस्करी करून राहिले की खरंच विसरले, मला कळेना. आरशात पाहिलं, तर नुसतं हेल्मेट दिसलं.