नव्वद किलोंच्या आत

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, आयुष्यात एकाच गोष्टीचा मनापासून राग येतो: चुकीच्या वजनकाट्याचा. बाकी जग इकडचं तिकडे होवो, ते शांतपणे दाढी खाजवत बसतील. पण दुकानातला रिकामा काटा पाच ग्रॅम दाखवत असला, की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागते. ताईला हे लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. बटाटे आणायला पाठवलेला नवरा तासाभराने रिकाम्या पिशवीनिशी परत आला आणि म्हणाला, "काटा नीट करून दिला त्याचा." "आणि बटाटे?" "अरेच्चा!"

त्यांचा धंदाच तो. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा कंपनीत ते अठरा वर्षं कारागीर आहेत. कारागीर एकूण तीन. एक भाऊजी. दुसरा लांबू, जो उंच दारातूनही सवयीने वाकूनच आत येतो. आणि तिसरे आजोबा, जे कुणाचेच आजोबा नाहीत, त्यांनी लग्नच केलेलं नाही. पण निवृत्ती जवळ आली आणि चहाचा एक पेला ते अर्धा तास पुरवतात, म्हणून आजोबा.

या कंपनीत कामाचे दोन प्रकार: वरचं आणि खालचं. खालचं काम म्हणजे टेबलाशी बसून किराणा दुकानांचे, स्वयंपाकघरांतले काटे उघडायचे, त्यांत सांडलेली साखर ब्रशने झाडायची, मुंग्यांची क्षमा मागायची आणि झाकण लावायचं. वरचं काम म्हणजे गावाबाहेरच्या धान्यगोदामातल्या लोखंडी कोठ्या. प्रत्येक कोठी चार मजले उंच आणि तिच्या गळ्याशी बसवलेला अवाढव्य काटा. कमरेला पट्टा बांधून, शिडीने चढून तो तपासायचा. ही चढाई अठरा वर्षं भाऊजींची. लांबू चढायचा, पण दुसऱ्या नंबरावर. भाऊजी त्या कोठ्यांबद्दल असे बोलतात, जसे काही लोक आपल्या मुलांबद्दल बोलतात. "तीन नंबरची जरा हट्टी आहे हो, पण मनाने चांगली आहे."

तर यंदा गोदामवाल्यांनी नवे पट्टे आणले. पट्ट्यावर चिठ्ठी: जास्तीत जास्त शंभर किलो. कारागिराजवळची हत्यारं दहा किलो. म्हणजे माणूस नव्वदच्या आत हवा. वीस तारखेला डॉक्टरीणबाईंकडे तिघांचीही तपासणी. जो नव्वदच्या वर जाईल तो तीन महिने खाली, टेबलाशी, मुंग्यांच्या सहवासात.

भाऊजी कंपनीतल्या मुख्य काट्यावर उभे राहिले. हा काटा म्हणजे त्यांचं दैवत. बाकी सगळे काटे त्याच्याशी ताडून पाहतात. दैवताने सांगितलं: त्र्याण्णव किलो चारशे ग्रॅम.

हाती दिवस चौदा. आणि नेमकं त्याच दिवशी ताईने आणलेल्या मक्याच्या फ्लेक्सच्या खोक्याच्या पाठीवर त्यांना चौदाच दिवसांची योजना सापडली. दोन वेळच्या जेवणाऐवजी एकेक वाटी फ्लेक्स आणि साय काढलेलं दूध, एक वेळ साधं जेवण, दोन आठवड्यांत फरक पाहा. खोक्यावर एक सडपातळ बाई वाटीकडे बघून अशी हसत होती, जसं आजवर कुणी कुठल्याही वाटीकडे बघून हसलेलं नाही.

"अहो, हे असलं खोक्यावरचं कुणी करतं का?" ताई म्हणाली.

"का नाही करायचं? आकडे दिलेत की नीट. तीस ग्रॅम, सव्वाशे मिलिलिटर."

आकडे दिले की आमचे भाऊजी विरघळतात. तुम्ही आम्ही वाटी भरून फ्लेक्स घेतो आणि त्याला तीस ग्रॅम म्हणतो. यांनी कपाटातून सोनारी काटा काढला, ज्यावर डोक्याचा एक केससुद्धा मोजता येतो, आणि त्यावर तीस ग्रॅम तोलले. ढीग वाटीत ओतला आणि सगळे वाकून बघायला लागले. तळाशी जेमतेम एक थर होता.

"सांडले का बाबा?" लेकीने विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले, "एवढेच असतात."

पहिले चार दिवस मात्र घरात दिवाणखान्यापासून मोरीपर्यंत आनंदीआनंद. त्र्याण्णव चारशेवरून सरळ एक्क्याण्णव सहाशे! मी खालच्याच मजल्यावर राहतो. रोज संध्याकाळी जिन्यातूनच आकडा ओरडून सांगितला जायचा. "मेव्हणे! बाराशे गेले!" भाऊजींनी कागदावर आलेख काढला, पट्टी ठेवून रेघ पुढे वाढवली आणि रेघेने त्यांना सांगितलं की वीस तारखेपर्यंत आपण पंच्याऐंशीवर जाणार. माणसाने काट्यावर विश्वास ठेवावा, पट्टीवर ठेवू नये, हे त्यांना तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

कारण पाचव्या दिवसापासून रेघ रुसली. दीडशे ग्रॅम. दोनशे. नवव्या दिवशी नव्वद तीनशे, दहाव्याही दिवशी नव्वद तीनशे, आणि अकराव्या दिवशी, काही कारण नसताना, नव्वद साडेचारशे.

"वाढलं कसं?" भाऊजी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला विचारत होते. "खाल्लं काय मी? हवा?"

तोवर त्यांचा स्वभावही उतरला होता, वजनापेक्षा झपाट्याने. दुपारी तीनला पोटात कावळे ओरडायला लागत आणि चारला भाऊजी. टेबलापलीकडे बसून लांबू आपला डबा उघडायचा, झाकणाचा आवाज मुद्दाम मोठा करायचा. "घेतोस का एक घास? नाही, तुला चालायचं नाही. सोनारी काटा आणलायस का?" लांबूला काळजी नव्हती, गेल्या वर्षी तो अठ्ठ्याऐंशी भरला होता, आणि माणूस गेल्या वर्षीचं वजन जन्मतारखेसारखं कायमचं धरून चालतो.

घरी ताईच्या नाकी नऊ आले होते. "अहो, दारावरच्या माणसाशी काय भांडलात?"

"भांडलो नाही. बेल दोनदा का वाजवली, एवढंच विचारलं."

"शेजारी ऐकत होते सगळे."

"मग त्यांनीच उघडायचं होतं दार!"

फ्लेक्स दुधात पडले की दोन मिनिटांत त्यांचा लगदा होतो, हेही या चौदा दिवसांतलं संशोधन. म्हणून ते दोन मिनिटांच्या आत खायचे. म्हणजे आधीच एवढंसं जेवण, तेही गाडी सुटत असल्यासारखं. मग पुढचे पाच तास रिकाम्या वाटीकडे बघत बसायचं. त्या खोक्यावरच्या बाईच्या चेहऱ्यावर त्यांनी बाराव्या दिवशी चिकटपट्टी लावली.

पण चौदाव्या सकाळी घरचा काटा म्हणाला: एकोणनव्वद किलो आठशे ग्रॅम. जिंकले! दोनशे ग्रॅमने का होईना, जिंकले. हिशेबी माणूस, एक ग्रॅम जास्तीचा उतरवला नव्हता. इस्त्रीचा सदरा घालून भाऊजी कंपनीत गेले, तर फळ्यावर लिहिलेलं: डॉक्टरीणबाई तापाने आजारी, तपासणी नऊ दिवस पुढे.

त्या दिवशी ते घरी आले, तपासणी पुढे गेल्याचं सांगितलं आणि सोफ्यावर बसले.

"काही नाही," ताई समजुतीने म्हणाली, "अजून नऊ दिवस खायचं तेच."

भाऊजींनी खोक्याकडे पाहिलं. मग ताईकडे. माणूस युद्धावरून परत यावा आणि त्याला पुढच्या गाडीने पुन्हा युद्धावर जायला सांगावं, तसा तो चेहरा. "अगं, चौदा दिवसांचं म्हणून सोसलं गं," ते म्हणाले. "पंधरावा दिवस खोक्यावर नाहीच आहे."

ते अगदी खरं होतं. पंधराव्या दिवशी काय करायचं, हे त्या योजनेत कुठेच नव्हतं. त्या रात्रीच्या जेवणाला त्यांनी दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी तीनदा. दोन दिवसांत काटा एक्क्याण्णवावर. घाबरून पुन्हा फ्लेक्स, नव्वद सहाशे. मग लेकीचा निकाल लागला म्हणून केक, पुन्हा एक्क्याण्णव. "चौदा दिवस घासून घासून उतरवलं," ते मला जिन्यात गाठून सांगत होते, "आणि दोन दिवसांत परत! असं कसं चालतं? कुठल्याही यंत्रात असं नसतं!" मी तेव्हा पिशवीतून पाव घेऊन येत होतो. त्यांची नजर पावावरून हलत नव्हती.

तपासणीच्या सकाळी दैवताने सांगितलं: एक्क्याण्णव किलो दोनशे. भाऊजींनी हातपाय गाळले आणि तिघे मिळून दवाखान्यात गेले.

आजोबा आत गेले, आले. लांबू आत गेला, शीळ घालत आला. एकोणनव्वद तीनशे. मग भाऊजी. बूट काढले, काट्यावर चढले, डोळे मिटले.

"एकोणनव्वद सातशे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छान. नव्वदच्या आत." आणि सही करून टाकली.

भाऊजींनी डोळे उघडले. तासाभरापूर्वी एक्क्याण्णव दोनशे होते. दीड किलो माणूस रस्त्यात सांडत नाही. त्यांनी खाली पाहिलं, तर पायपुसण्याचा एक कोपरा काट्याच्या फळीखाली अडकला होता. झाडताना कुणीतरी सरकवलेला. थोडा भार फळीऐवजी तो कोपरा पेलत होता. एवढंच. अठरा वर्षांत असे शंभर कोपरे त्यांनी काढले होते.

ते काट्यावरून उतरले. बूट घातले. एका बुटाची नाडी दोनदा बांधली. फॉर्म घेऊन जिना उतरले. खाली लांबूने पाठीवर थाप मारली. "चल, सुटलो!" भाऊजी रस्त्यापर्यंत गेले, उभे राहिले, स्वतःशीच काहीतरी पुटपुटले आणि फणफणत जिना परत चढले.

ताईला त्यांनी नंतर सांगितलं, की त्या काट्यावर लहान मुलांच्या औषधाचं प्रमाण ठरतं, म्हणून राहवलं नाही. मला खरं सांगितलं: "दातात काहीतरी अडकल्यासारखं झालं रे. आयुष्यभर जीभ तिकडेच गेली असती."

"बाई, तुमचा काटा दीड किलो कमी दाखवतोय," ते दारातूनच म्हणाले. रागाने, जणू बाईंनीच त्यांना हे सांगायला लावलं होतं. कोपरा ओढून काढला, पुन्हा चढले. एक्क्याण्णव दोनशे. बाईंनी सही खोडली.

"अहो, पण चौदा दिवसांत साडेतीन किलो उतरवलं होतं मी!" भाऊजी म्हणाले. "नुसत्या फ्लेक्सवर! गेलं कुठे ते?"

"त्यातलं बरंचसं पाणी," बाई म्हणाल्या. "खाणं एकदम कमी केलं की शरीर आधी साठवलेलं पाणी सोडतं, म्हणून सुरुवातीला भराभर उतरतं. परत जेवायला लागलात की ते परत भरतं. चरबी गेली असेल ती किलो-दीड किलो. ती खरी कमाई."

"म्हणजे फ्लेक्सचा उपयोग नाही?"

"फ्लेक्सचा दोष नाही आणि गुणही नाही. कमी खाल्लंत म्हणून उतरलं, मग ते काहीही असो. पण असं किती दिवस खाल? जे वर्षभर खाऊ शकाल तेच थोडं कमी खा, रोज चाला, आणि तीन महिन्यांनी या."

"तीन महिने," भाऊजी म्हणाले. तो शब्द त्यांनी फ्लेक्ससारखा, चव न घेता गिळला.

"हो. आणि ते तुमच्या आधी आलेले दोघं कुठे आहेत? त्यांनाही परत बोलवा."

लांबू पुन्हा चढला. नव्वद आठशे. तो काट्यावरून उतरलाच नाही. तिथूनच भाऊजींकडे बघत राहिला. "दोन मिनिटं," तो म्हणाला, "फक्त दोन मिनिटं मूग गिळून बसता आलं नाही तुला?"

"काटा चुकीचा होता."

"माझ्या बाजूने चुकीचा होता ना!"

पुढच्या सोमवारी गोदामाचं काम आलं. नव्वदच्या आत कंपनीत एकच कारागीर उरला होता. साडेत्रेपन्न किलोंच्या आजोबांनी पट्टा बांधला, तो दोनदा कमरेभोवती फिरला, आणि ते तीन नंबरच्या कोठीवर एकेक पायरी विचार करून चढू लागले. आजवर ते कधीच वर गेले नव्हते. खाली भाऊजी आणि लांबू शेजारी शेजारी, एकमेकांशी न बोलता, माना वर करून उभे.

"डावीकडचा स्क्रू!" भाऊजी ओरडले. "आधी डावीकडचा! हळू फिरवा, ती हट्टी आहे!"

दहा मिनिटांचं काम. अर्धा तास झाला. पाऊण झाला. भाऊजींची मान दुखायला लागली, लांबूने दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं.

"आजोबा! झालं का?"

"झालं केव्हाच!" वरून आवाज आला. "बसलोय जरा. काय वारा आहे रे इथे! अख्खं गाव दिसतंय, नदीसुद्धा दिसतेय! इतकी वर्षं मला कुणी बोललं नाही कधी!"

"बोललो असतो," भाऊजी मान चोळत म्हणाले, लांबूला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, "तर तुम्ही चढला असता ना."