माझी बायको मुकादम व्हायची

पाथरीच्या एका जिनिंगात मी रेच्यावर होतो. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी मशीन. दिवसभर तिच्या तोंडात कापूस कोंबायचा. नाकात रुई जायची, कान बधिर व्हायचे, त्याचं काही वाटत नव्हतं. जाच होता तो मुकादमाचा. पाणी प्यायला गेलं तरी सगळ्यांसमोर आईबहिणीचा उद्धार करायचा. उलट बोललं की दुसऱ्या दिवशी कामावर यायचं न्हाई.

ते सगळं पोटात घेऊन घरी यायचं. बाकीचे गडी गुत्त्यावर जायचे, कुणी बायकोला बडवायचे. मी भांडी फेकायचो. एकदा तांब्या फेकला तसा बायकोनं तो उचलून माझ्यासमोर धरला.

"आवो, या तांब्यानं काय केलंय तुमचं? ज्यानं केलंय त्याला बोला की."

"त्याला बोलून खायाचं काय?"

"मग मला बोला. मी होते मुकादम."

माझा पटका डोक्याला गुंडाळून ती पाटावर बसली आन पोट पुढं काढून म्हणाली, "काय रे ए, पाणी प्यायला गेलतास का हीर खांदायला?"

जन्मभर आवोजावो करणारी बाई, तेवढ्यापुरती मला अरेतुरे करायची. तिला लय मजा यायची त्यात. तिला मुकादम समजून मी जीव तोडून वरडायचो. तर मधीच पटका सावरत म्हणायची, "असं न्हाई. वरडलं की वाटतंय भ्यालाय. हळू बोला, डोळ्यात बघून." चुलीवर तवा ठेवायच्या आधी आमचं हे रोजचं. मग भाकर गोड लागायची.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेली ती वर्षं. एसटी कधी चालू, कधी बंद. ऐन हंगामात एके दुपारी शेजारीण जिनिंगाच्या गेटावर येऊन वरडायला लागली, "भावजी, चला लवकर! वैनीच्या छातीत कळा यायल्यात, श्वास पुरंना."

पाळी चालू असली की गेटाला कुलूप असायचं. किल्ली मुकादमाच्या कमरेला.

"मुकादम, गेट उघडा. परभणीला न्यावं लागंल तिला."

"बायका सोंगं करत्यात रे. पाळी सुटल्यावर जा."

हात जोडले, पाय धरले. त्यानं लाथेनं पाय सोडवून घेतला. भिंत उंच, वर काचा. भोंगा झाला, गेट उघडलं, मी पळत घरी गेलो तर बाया रडत होत्या. त्या दिवशी एसटी चालू होती.

त्यानंतर संध्याकाळी घरात पाट तेवढा उरला.

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत न्हाई. लोक आपल्या घरनं जेवण आणून घरच्यांना खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. ज्याच्या हातचा घास खाल्ला, त्याच्याशी मग वैर धरायचं न्हाई. मुकादम डबा घेऊन आला. भावकी बसली होती, जिनिंगातले गडी होते. भाकरीचा तुकडा मोडून त्यानं माझ्या तोंडापुढं धरला.

"खा बाबा. देवाच्या मनात होतं ते झालं."

मी वरडलो न्हाई. त्याच्या डोळ्यात बघून म्हणलं, "मुकादम, देवाच्या कमरेला किल्ली नव्हती. तुमच्या होती. उचला डबा."

एक म्हातारा चुलता म्हणाला, "खाय रे पोरा, दारात आलेल्या माणसाला..."

"तात्या, तुमी खावा तुमाला पायजे तर."

तात्यांनी बी हात लावला न्हाई. डबा तसाच परत गेला. मग मी जिनिंग सोडली आन गावात, बाजारात, हाटेलात, जिथं बसलो तिथं ती किल्लीची गोष्ट सांगत राहिलो. मला दुसरा धंदाच नव्हता म्हणा ना.

पुढं मुकादमाचा बाप वारला. जिनिंगातला एकही गडी, गावातलं बी कुणी मातीला गेलं न्हाई. तिरडीला खांदा द्यायला मजुरीनं माणसं आणावी लागली. लोक म्हणतात, बाप बिचारा लय चांगला माणूस होता.

असंल. माझी बायको बी चांगली होती.