चुन्याचे हात

तुम्ही म्हणाल, हा आता रडन. विहिरीची गोष्ट सांगन, देवळाच्या पायरीची सांगन, मंग डोळे पुसन. सांगू शकतो मी. रडून दाखवाचं असन त तेही जमते, नकलाच करत मोठा झालो. पण आज नाई. आज एका कागदाच्या चिटोऱ्याची गोष्ट सांगतो. बोटाएवढा कागद. लाल. त्याच्यावर काईच लिहिलं नव्हतं, तरी त्यानं माही जात वाचली म्हणे.

मूल गावची शाळा. नववीचा वर्ग. आमचा जिल्हा तवा चांदा. विज्ञानाले एक लांब टेबल, टेबलावर बाटल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या. मास्तर नागपूरचे. नाकातून बोलायचे. आम्ल आंबट असते म्हणे, अल्क हाताले बुळबुळीत लागते म्हणे. निळा कागद आम्लात लाल होते, लाल कागद अल्कात निळा. सगळे पोट्टे टेबलाले चिकटून. मी खिडकीपाशी. पयल्याच दिवशी मास्तर बोलले होते, "तू तिथूनच बघ. काच नाजूक असते." मंग ती काच वर्षभर नाजूकच राह्यली. बाकीच्यांनी चार नळ्या फोडल्या, तरी ती नाजूक फक्त माह्यासाठी.

एक दिवस म्हणाले, "तू. इकडे ये. हात पुढे कर."

मले वाटलं, आज नळी भेटते. दोन्ही हात पुढं केले, परसाद घेतल्यासारखे. मास्तरनं चपराश्याले वरून पाणी सोडाले लावलं. मंग लाल कागद चिमट्यात धरला. चिमट्यात. अन् माह्या ओल्या तळहाताले टेकवला.

निळा झाला.

"पाहा," मास्तर वर्गाले म्हणाले, "घरचा धंदा लपत नाही. कागदालासुद्धा कळतो."

वर्ग हसला.

आमचा धंदा कातडं कमावाचा. कच्चं कातडं पयले चुन्याच्या टाक्यात भिजते. केस सुटले का ते खरडून काढाचे. ते शाळेच्या आधी, सकाळी सकाळी, माहं काम. कितीबी पाण्यानं धुवा, चुना नखात राह्यते, रेषांमधी राह्यते. तो कागद त चुना पाहून निळा झाला. जात त्याले कुठी वाचता येते?

पण हे आता सांगून राह्यलो. तवा काय केलं ते आयका.

मी बी हसलो.

हसलो तेवढंच नाई. वर्गाकडं वळलो, हात वर केला अन् मास्तरच्या नाकातून बोललो, "पाहा, कागदालासुद्धा कळतो." पोट्टे बाकावर लोळले. मास्तर बी हसले. मले कोणी शाबासकी दिली नाई, पण दिल्यासारखं वाटलं.

नक्कल हेच माहं तिकीट होतं. राइस मिलचा भोंगा करायचो, तहसीलदाराचा खोकला करायचो, हेडमास्तर धोतर सावरते ते करायचो. जिथं मले बसू देत नव्हते तिथं उभं राहून नक्कल करू देत होते. वाटायचं, असंच हसवत हसवत एक दिवस टेबलापाशी पोचीन.

पोचलो. टेबलावरची वस्तू होऊन.

मंग हे सुरूच झालं. धडा कोणताबी असो, वर्ग कोणताबी असो, मास्तरले अल्क दाखवाचं असलं का मले बोलवणं. आठवीच्या पोट्ट्यांले दाखवलं, दहावीच्या पोट्ट्यांले दाखवलं. बाटलीतलं अल्क संपते, माहं संपत नव्हतं. नावच पडलं. "ए अल्क." बजारात अल्क, नदीवर अल्क. मी बी हजेरी घेताना अल्क म्हणलं का हजर म्हणायचो. एवढा हुशार.

अन् सुटता येत नव्हतं. विज्ञानाची एक प्रयोगवही होती. दहा प्रयोग सोताच्या हातानं कराचे, मास्तरची सही घ्याची. सही नाई त दहावी नाई. दहावी नाई त टाकं. बाप काई वाईट नव्हता, पण त्यानं साफ सांगून ठेवलं होतं, पास झाला त शीक, नाई त टाक्यात उतर. मी खिडकीतून पाहून पाहून दहाही प्रयोग वहीत उतरवले. आकृत्या अशा काढल्या का ब्राह्मणपुऱ्यातले पोट्टे माही वही मागून न्यायचे. मास्तरपाशी गेलो.

मास्तरनं पानं चाळली. म्हणाले, "प्रयोग केलेस कुठे तू? तू स्वतःच प्रयोग आहेस."

त्याचीबी मी नक्कल केली. बाहेर येऊन. पोट्टे हसले. त्या दिवशी पयल्यांदा आयकू आलं का ते मास्तरले हसत नाई.

चुन्यात टाकलेलं कातडं आपल्या मनानं बाहेर येत नाई. कोणी काढते तवाच येते. मी टाक्यापाशी बसून तेच पाहत राहायचो.

फेब्रुवारीत तपासणीले साहेब येणार अशी बोंब झाली. मास्तरनं मले बाजूले घेतलं. साहेबासमोर तुले बोलावीन म्हणे, नक्कल कराची नाई, नुसता हात द्याचा, मंग तुह्या वहीचं पाहू. म्हणजे सही होईन. एक डाव अजून हात द्याचा, बस.

आमच्या घरी आंगणात एक रांजण असे. मिलमधला धानाचा कोंडा पाण्यात आंबवून ठेवलेला. चुन्यातून काढलेलं कातडं त्या आंबट पाण्यात टाकाचं, म्हणजे चुना मरते. चुना राह्यला त झाडाच्या सालीचा रंग धरत नाई, कातडं लाकडावाणी होते. बाप कातड्याचं टोक दोन बोटांत चोळून पाहे. बुळबुळलं त अजून चुना हाय. मास्तर सांगायचे ते सगळं माहा बाप बोटानं सांगायचा. फक्त त्याले आम्ल अन् अल्क ही नावं ठाऊक नव्हती.

तपासणीच्या सकाळी बाप मिलमधी कोंडा आणाले गेला होता. मी रांजणात कोपरापर्यंत हात घातले, आंबट पाणी उपसून उपसून हातावर ओतलं. घासले. नखं घासली. रेषा घासल्या. बोट बोटावर चोळलं. बुळबुळ नाई. मंग नदीवर जाऊन धुतले अन् शाळेत गेलो.

साहेब खुर्चीवर. हेडमास्तर मागं उभे. मास्तर म्हणाले, साहेब, एक गंमत दाखवतो. मी हात दिला. पाणी सोडलं. चिमटा आला.

कागद लाल.

मास्तरनं दुसरा घेतला. लाल. तिसरा. लालच. "नेहमी होतो, साहेब," मास्तर म्हणाले. त्याइच्या कपाळावर घाम. वर्ग माह्याकडं पाहून राह्यला, आता हा काई तरी करन म्हणून. तोंडात नाकातला आवाज तयार होता. नाई केला.

मास्तर तंबाखू खायचे. वर्गात येण्याच्या आधी डाव्या तळहातावर चुना घेऊन मळायचे. पांढरं अजून दिसत होतं. मी वर्षभर पाहत होतो. खिडकीपाशी उभं राह्यल्याचा तेवढाच फायदा.

मी टेबलावरचा लाल कागद उचलला. बोटानं. म्हणलं, "सर, तुमचा हात द्या."

त्याइनं दिला नाई. पण डावा हात टेबलावर उताणा टेकलाच होता. मी कागद लावला.

घामानं ओला हात. निळा झाला.

कोणी हसलं नाई. माही सगळ्यात मोठी नक्कल, अन् एक पोट्टा हसला नाई. साहेब निळ्या कागदाकडं पाहून उठले, पुढचा वर्ग दाखवा म्हणाले. संपलं. न्याय बिय काई झाला नाई. माही वही व्हरांड्यात येऊन पडली अन् मास्तर म्हणाले, "उद्या बापाला घेऊन ये. त्याशिवाय पाय ठेवू नकोस."

घरी बाप रांजणापाशी उभा. पाणी निम्मं झालेलं. मी सगळं सांगतलं. पयल्या दिवसापासून. वाटलं, एक त पाठ थोपटन नाई त पाठ सोलन. त्यानं माहे हात धरले, नाकाशी नेले, वास घेतला.

"मास्तरच्या हाताले कागद लावला ते मी उद्या त्याच्या तोंडावर पाहून घेतो," बाप म्हणाला. "पण हात काऊन धुतले बे? चोरी करून आलता? सालभर तो हसला अन् तू बी हसला. घरी सांगतलं नाई. अन् आज हसाचं सोडलं त हात घासून गेला, त्याच्यावाणी दिसाले. आमच्या टाक्यातला चुना वाईट, हे त्या कागदानं सांगतलं नाई. हे तू सांगतलं, कोपरापर्यंत धुऊन."

मी खाली पाहून राह्यलो.

"वर पाह्य. अन् तीन कातड्याचं पाणी गेलं. ते कोण आंबवन, तुहा मास्तर?"

मी म्हणलं, उद्या टाक्यातूनच शाळेत जाईन. असेच्या असे हात घेऊन. खिडकीपाशी नाई, टेबलापाशी. बाटली मी उचलीन, नळी मी धरीन, दहाही प्रयोग करीन. सही होवो नाई त न होवो. अन् कोणी हसलं त मी नाई हसणार.

"मंग उभा काऊन हायेस इथी," बाप खेकसला. "उतर. कातडी पलटव. हात पांढरे व्हाले वेळ लागते."