देवघरातलं चीज

विश्वंभर पिंपळदरीकर, वय त्रेसष्ट, राहणार जवळा बाजार, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली; पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक या पदावरून नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त; रंग गव्हाळ, चष्मा कायम, परदेशप्रवास निरंक. फ्रान्सच्या दृष्टीने परदेशी इसम. सदर इसमाचे फ्रान्सवर गेली अठ्ठावीस वर्षे अखंडित प्रेम असून फ्रान्सला त्याची कल्पना नाही.

सुरुवात सिद्धेश्वर धरणावरच्या कचेरीत झाली. एका यंत्राबरोबर फ्रेंच भाषेतली माहितीपुस्तिका आली होती. यंत्र पुढे परत गेलं, पुस्तिका राहिली. ती कोणत्या फाइलला लावायची हे वाचल्याशिवाय ठरेना, म्हणून विश्वंभररावांनी नांदेडहून शब्दकोश आणला. तीन वर्षांत झडपा, वायसर आणि गळती या विषयांवर त्यांना बऱ्यापैकी फ्रेंच येऊ लागलं.

निवृत्तीनंतर मोबाइलवर त्यांनी फ्रान्समधली खेडी पाहिली. तिथे म्हणे गावागावाचं आपलं चीज असतं, गावाच्याच नावाचं, आणि त्यावरून शेजारच्या गावाशी पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद असतं. भांडायला इतकं सभ्य कारण त्यांनी हिंगोली जिल्ह्यात पाहिलं नव्हतं. जवळा बाजारला कापूस होता, सोयाबीन होतं, आठवडी बाजार होता. चीज नव्हतं.

ते त्यांनी करायला घेतलं. गल्लीतल्या मंजुळाबाईंकडून शेळीचं दूध, दह्याचं विरजण, फडक्यात टांगणं, वरून मीठ. आणि पुतण्या नचिकेतने पुण्याहून आणलेल्या एका विलायती तुकड्यावरची पांढरी बुरशी. मग पळसाच्या पानात दोऱ्याने बांधून तीन आठवडे गारव्याला. घरातली सगळ्यात गार जागा देवघर, म्हणून देवघराची खालची फळी. तेही फक्त हिवाळ्यात.

त्याला जवळा बाजारचं नाव मात्र त्यांनी दिलं नव्हतं. नोकरीतली सवय, अट आधी घातली. गावातल्या एकाने तरी खाऊन पुन्हा मागितलं, तरच ते गावाचं. चार हिवाळे गेले. वासाच्या पुढे कुणी गेलं नाही.

"बुरशी आली की लोक फेकतात," गंगूताई म्हणाल्या. "तुम्ही यायची वाट पाहता." गंगूताई म्हणजे सौभाग्यवती.

यंदा मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी गंगूताईंच्या व्रताचं उद्यापन होतं. गल्लीतल्या अकरा बायका हळदीकुंकवाला आल्या. गंगूताई आत ओट्यांची तयारी करत होत्या. शेजारच्या शिलाबाई, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका, मदतीला होत्या. "शिला, देवघरातून प्रसाद वाट गं," असं आतून सांगणं झालं. पेढे वरच्या फळीवर डब्यात होते. शिलाबाईंना आधी खालच्या फळीवरच्या पुड्या दिसल्या. देवासमोर, पळसाचं पान, वर दोरा. शंकेला जागाच नव्हती.

ओसरीवर पेपर घेऊन बसलेल्या विश्वंभररावांनी हे पाहिलं तेव्हा पुड्या सुटत होत्या.

"मॅडम, वास येऊन राहिला याला," मंजुळाबाई म्हणाल्या.

"प्रसादाला वास नसतो," शिलाबाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या.

"आन् मीठ काहून हाय?"

"देवीला विचारा."

देवीला कुणी विचारलं नाही. प्रसाद नाकारायची रीत नाही, थुंकायची तर मुळीच नाही. बायकांनी पुडी कपाळाला लावली आणि एकमेकींकडे न बघता घास तोंडात टाकला. विश्वंभररावांनी उठायला हवं होतं. पण उठून सांगायचं काय, की उद्यापनाच्या दिवशी तुम्हाला बुरशी वाढली? शिवाय चार वर्षांत पहिल्यांदाच कुणी खात होतं. ते पेपरआडून चेहरे पाहत राहिले. चेहऱ्यांवर भक्ती होती. दुसरं काही कळेना.

गंगूताई बाहेर आल्या. त्यांनी बायकांच्या हातातली पानं पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि "पाणी देऊ का गं कुणाला?" एवढंच विचारलं. सगळ्या हो म्हणाल्या.

हिवाळ्याचा सगळा माल एका संध्याकाळी संपला. गावाने खाल्लं होतं, पण श्रद्धेने. आणि अटीत श्रद्धेची तरतूद नव्हती. दोन दिवस विश्वंभरराव धड जेवले नाहीत.

शनिवारी मंजुळाबाई दूध घेऊन आल्या.

"साहेब, त्या दिसाचा परसाद उरला काय?"

"काय झालं?"

"निम्मा घरी नेला व्हता, आमच्या मालकासाठी, सोनाजीरावांसाठी. ज्वारीच्या भाकरीसंगं खाल्ला त्यायनं. आता दोन्ही टायमाला तेच मागून राहिले."

"भक्तीने मागतात?"

"कशाची भक्ती. औंढ्याला दर्शनाला चला म्हनलं तं गुडघा दुखते त्यायचा. चव लागली."

विश्वंभररावांची अट पूर्ण झाली होती. मग त्यांनी सगळं खरं सांगितलं: देवीचा काही संबंध नाही, बुरशी आहे, मुद्दाम लावलेली आहे, दूध तुमचंच आहे. मंजुळाबाईंनी चरवी खाली ठेवली.

"आमच्याच शेळ्यांचं?"

"तुमच्याच."

"मंग आमचंच हाय की. तुमी तं नुसतं झाकून ठिवलं."

त्याच दुपारी विश्वंभररावांनी कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'प्रमाणित करण्यात येते की, शेळीच्या दुधाचे, पळसपानात बांधलेले सदर चीज हे मौजे जवळा बाजार या गावचे असून, यापुढे त्यास सर्वत्र त्याच नावाने संबोधण्यात यावे.' खाली फ्रेंच अनुवाद, तारीख, आणि साक्षीदार म्हणून मंजुळाबाईंची सही.

सोनाजीराव त्याला खारा पेढा म्हणतात.