मधल्या टेबलावरून

ऑफिसातले किस्से घडतात त्या दिवशी किस्से नसतातच. त्या दिवशी ते भांडण असतं, गोंधळ असतो, नाहीतर कुणाचं तरी रडणं असतं. मग दिवस जातात, चुरमुऱ्यांच्या गिरमिटाच्या प्लेटा समोर येतात आणि कोणीतरी म्हणतं, "ए वीणा, तो रजेचा सांग की!" की झालं. एकाला लागून दुसरा निघतोच.

तर रजेचा.

आमचं ऑफिस हुबळीत, लॅमिंग्टन रोडपासून जरा आत. शेतीचे पंप विकायचे आणि बिघडले की दुरुस्त करून द्यायचे. मालकांना सगळे अप्पा म्हणतात. आजोबांच्या वेळी मिरजेहून आलेलं घराणं. मी नवीन होते, भावाचा साखरपुडा होता, रजा मागितली. अप्पा म्हणाले, "बघू."

मी बिनधास्त गेले! परत आले तर अप्पांचा चेहरा हा एवढा.

"मी नाही म्हटलं होतं!"

"अप्पा, तुम्ही 'बघू' म्हणालात!"

"तेच की!"

आमच्याकडे फोनवर तक्रारी घेणाऱ्या पार्वतक्का आहेत. त्यांनी मला बाजूला घेतलं. "अगं, अप्पा मराठीत 'बघू' म्हणाले की नाही. कन्नडमध्ये 'नोडोण' म्हणाले की हो!"

"अहो अक्का, दोन्हीचा अर्थ एकच आहे की!"

"अर्थ एकच. पण मराठी त्यांच्या घरची. घरच्यांना नाही म्हणायला माणूस लाजत नाही."

तेव्हापासून मी रजा कन्नडमध्येच मागते.

*

अप्पा व्हॉइस मेसेज पाठवतात. लांबच लांब. आधी हवापाणी, मग तब्येत, मग काम. निखिल आमचा इंजिनिअर. सुरुवातीला तो पुण्यात घरी बसूनच काम करायचा आणि अप्पांचे मेसेज दुप्पट वेगानं ऐकायचा. असे कित्येक महिने गेले.

मग तो इथं आला, नवनगरला खोली घेतली आणि पहिल्यांदा अप्पांसमोर बसला. अप्पा बोलायला लागले तसा हा अस्वस्थ. बाहेर येऊन मला हळूच म्हणाला, "वीणाताई, अप्पांना काही झालंय का? अटॅक वगैरे? बोलायला किती त्रास होतोय त्यांना!"

ही गोष्ट अप्पांपर्यंत गेलीच. रागावले नाहीत, पण आता त्यांचा प्रत्येक मेसेज असा सुरू होतो, "निखिल, हा साध्या वेगानं ऐक. महत्त्वाचा आहे!"

*

याच निखिलनं शनिवारची मीटिंग सुरू केली. "मनात असेल ते मोकळेपणानं बोला!" सगळे पंख्याकडे बघत बसले. शेवटी स्टोअर सांभाळणारे देसाईकाका उठले. "साहेब, मनातलं आम्ही जिन्यात बोलतो. ऐकायचं असेल तर तिथं या."

पोरगा चांगला! पुढच्या शनिवारी खरंच चहाचा कप घेऊन जिन्यात जाऊन उभा राहिला. एक मेकॅनिक खालून वर येत होता. यानं विचारलं, "बोला, काय सुधारायला पाहिजे?"

"ती शनिवारची मीटिंग तेवढी बंद करा, सर!"

*

देसाईकाका आणि पार्वतक्का एकमेकांशी बोलत नसत. मी लागायच्या आधीपासून. कारण काय म्हणून काकांना विचारलं, तर म्हणाले, "त्यांनाच विचार." अक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, "आता आठवत नाही. पण चूक त्यांची होती."

माझं टेबल दोघांच्या मधे. हाताच्या अंतरावर बसलेली दोन माणसं, पण कारभार माझ्यातर्फे. "वीणा, त्यांना सांग, नवलगुंदला बेअरिंग पाठवायचंय." "वीणा, त्यांना सांग, बेअरिंग संपलंय." दोघांनाही सगळं ऐकू यायचं, तरी मी म्हटल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही!

एकदा मी तापानं घरी पडले. मळमड्डीत, पांघरुणात, आणि डोक्यात एकच काळजी. आज ऑफिसचं काय होणार? दुसऱ्या दिवशी धावतपळत गेले, तर सगळं काम वेळेवर झालेलं!

"बोललात वाटतं?" मी आनंदानं विचारलं.

"छे!" काका म्हणाले. "तुझ्या खुर्चीला सांगत होतो."

आणि पलीकडून अक्का म्हणाल्या, "वीणा, त्यांना सांग, खुर्ची तुझ्यासारखी मधेच जांभया देत नाही."

*

अक्कांचा आवाज म्हणजे आमची कंपनी. फोन उचलून "हेळ्री अण्णा!" म्हणाल्या, की मोटर जळालेला माणूसही अर्धा शांत व्हायचा. सांगा दादा, एवढंच म्हणायच्या त्या, पण ते म्हणणं असं, की जणू सख्खी बहीण बोलतेय.

एकदा एक शेतकरी मुलीची लग्नपत्रिका घेऊन आले. अक्कांना द्यायची म्हणाले. मी बोट दाखवलं. अक्का म्हणजे इवलीशी मूर्ती, नाकावर घसरलेला चष्मा. ते मलाच म्हणाले, "ह्या नव्हेत हो, आमच्या फोनवरच्या अक्का!"

अक्कांनी शांतपणे रिसीव्हर उचलून कानाला लावला. "हेळ्री अण्णा!"

त्यांनी डोक्यावरची टोपीच काढली. "आवाजावरनं वाटलं, तुम्ही केवढ्या तरी असाल!"

"आवाज कंपनीचा आहे, अण्णा," अक्का म्हणाल्या. "बाकी मी एवढीच."

*

मागल्या वर्षी अक्कांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज बसला. डॉक्टरांनी सांगितलं, काही आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही. आवाज येईल, पण पहिल्यासारखा येईल का, ते सांगता येत नाही.

अप्पा त्यांच्या घरी गेले. "फोन घेऊ नका. पण ऑफिसात या. एकट्या घरी बसून काय करणार?"

अक्का यायला लागल्या. फोन देसाईकाकांकडे दिला, कारण पंपातलं त्यांना सगळं कळतं. पहिलाच फोन.

"अक्काव्रु इल्लेन्री?" अक्का नाहीत का?

"इल्ल," काका म्हणाले. ठक्! फोन बंद. दुसरा तसाच. तिसराही. काकांना घाम फुटला. मग एक जण थांबला, पण नुसतं म्हणाला, "मी मल्लप्पा." आमच्याकडे मल्लप्पा ढिगानं!

काका सवयीनं म्हणाले, "वीणा, त्यांना विचार, कुठला मल्लप्पा?"

"काका, त्यांना बोलता येत नाही. मी विचारून काय करू? तुम्हीच विचारा, त्या मान हलवतील."

अक्का आवाजावरनं माणूस ओळखतात, म्हणून काकांनी रिसीव्हर माझ्या टेबलावरून त्यांच्या कानाशी धरला. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "अण्णिगेरीचा?"

अक्कांनी मान हलवली. नाही.

भिंतीकडे बघून ते कसं कळणार? वळावंच लागलं! "मग कुंदगोळचा?"

हो.

असे पहिले काही दिवस मल्लप्पांमध्ये गेले. मग काका फोन नसतानाही बोलायला लागले. गुडघ्याचं सांगितलं. बेंगळूरच्या मुलाचं सांगितलं, तो फोन करतो पण घाईत असतो. काकू गेल्यापासून घरी नुसता भात होतो, हेही सांगितलं. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अक्का हनुवटीखाली हात घेऊन ऐकायच्या. कधी मान हलवायच्या. एक दिवस त्यांनी डब्यातली भाकरी आणि भरल्या वांग्यांची एण्णगाई माझ्या टेबलावरून पलीकडे सरकवली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही!

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली, त्या दिवशी अक्का सरळ ऑफिसात आल्या. अप्पा केबिनबाहेर, निखिल दारात. विचारायचा धीर कुणालाच होईना. अक्का आपल्या जागेवर बसल्या. हात गळ्यावर.

शेवटी काकाच बोलले. "अक्का, हे बघा, आवाज आला तर चांगलंच. नाही आला तरी काय बिघडत नाही. फोन मी घेतो, तुम्ही मान हलवा. चाललंय की आपलं. लोकांनाही आता सवय झालीय. आणि मी काय म्हणतो, उगीच गळ्याला ताण देऊ नका, आज नाहीतर उद्या…" काका थांबायचं नावच घेईनात!

अक्कांनी हात वर केला. खाकरल्या. आवाज बारीक आला, थोडा घोगरा आला, पण त्यांचाच होता.

"देसाई, किती बोलता हो तुम्ही!"