मनगटातला खट्ट आवाज

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, कप डाव्या हातात का?" मी म्हटलं, कपाचा कान तापलाय. ते खोटं होतं.

त्याआधी चार दिवस मोरीमागच्या शेवाळलेल्या फरशीवर मी घसरले आणि उजव्या तळव्यावर आपटले. एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं नाही, म्हणून मी दवाखान्यातल्या खुर्चीतून निर्धास्त उठले. डॉक्टरांनी पुन्हा बसवलं.

"आजी, मनगटात आठ छोटी हाडं असतात, दोऱ्यांनी बांधल्यासारखी. त्या दोऱ्या म्हणजे लिगामेंट. मनगट सरळ असलं की ओझं सगळ्या दोऱ्या वाटून घेतात. पंजा मागे वाकवून वजन टाकलंत की मधल्या दोरीवर फार ताण येतो. तुमची तीच दुखावली आहे. मनगटाला हा पट्टा बांधतोय, तो काढायचा नाही आणि तळव्यावर रेटा द्यायचा नाही."

मला नोंदी ठेवायची सवय. वहीत लिहिलं: पेन धरणे, दुखत नाही. कुलपात किल्ली फिरवणे, करंगळीच्या बाजूला कळ. फडकं पिळणे, तीच कळ, पण जास्त. नाचणीची भाकरी थापणे, मधोमध, सहन होत नाही. पुढची ओळ लिहायला मी धजले नाही. ती तुमच्या आजोबांची होती.

झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी आहे. रोज सकाळी त्यांच्या काखांखाली तळवे लावून मी त्यांना खाटेवरून खुर्चीत घेते. म्हणजे डॉक्टरांनी नको म्हटलेलं तेच करते. ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर पुन्हा उभे राहतील का? हा प्रश्न घेऊन मी रोज जागी व्हायची. पट्टा पाहिला तर ते उठायलाच नकार देतील, म्हणून त्यांच्या खोलीत जाताना तो काढून दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायची.

सोमवारी उचलताना मनगटात खट्ट असा आवाज झाला आणि हातातला जोरच गेला. ते घसरले. मी गुडघा पुढे घातला, म्हणून खाटेच्या कडेवर टेकले.

"काय गं, टाकून देतेस की काय?" ते हसत म्हणाले. मला हसता येईना.

तेवढ्यात साखरशेत गावाहून आपल्याकडे कामाला येणारी बाई दारात आली. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ती आधी शेतात जाते, मग इथे येते. पायांवर चिखल तसाच होता. ती मला 'तू'च म्हणते.

"बाई, हात पदराखाली कशाला लपवतेस? आणि तो पट्टा खुंटीला बांधलास, खुंटीचा हात मोडला काय?"

आजोबांनी दाराबाहेर पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

तिने स्वतःचं मनगट दाखवलं. त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली होती. भाताची रोपं दिवसभर उपटायची तर त्यांच्याकडे बायका अशी चिंधी बांधतात आणि मनगट वाकू देत नाहीत. "हातानं ओढलं तर दुपारीच हात जातो. आम्ही पाठीनं ओढतो. तू शिकलेली, तुला कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं, अगदी व्यवस्थित. मी दुखणं तेवढं वहीत उतरवून वही मिटली होती.

तिने पट्टा मला बांधला. मग मुठी मिटून, कोपरापर्यंतचा हात काखेखालून पाठीमागे कसा घालायचा ते दाखवलं. वजन तळव्यावर नाही, कोपराच्या वळणात. दुसऱ्या बाजूला ती होती. आता ती शेतात जाण्याआधी इथे येते, आणि ती येईपर्यंत आजोबा खाटेवरच थांबतात.

भीती गेली नाही. काल ती सांगून गेली, परवा तिच्या भावाकडे आवणी आहे, यायला जमणार नाही. त्या दिवशी आजोबांनी खाटेवरच राहायचं, असं मी ठरवलं. ते मात्र म्हणाले, "पट्टा बांधून ये. प्रयत्न करू." त्यांना उचलताना ते श्वास रोखून धरतात, हे मला आताच कळलंय. मीही रोखते.

रविवारी पट्टा हातावरच असेल. पाहून घ्या.